आधी बोल, मग बघ

"हाताच्या अंतरावर नीट दिसायला हवं, असं काही करता का तुम्ही? शिवणकाम, पेंटिंग, पियानो?" ऑप्टिशियननं विचारलं तेव्हा सुप्रभाची हनुवटी त्याच्या यंत्राच्या गार खोबणीत टेकलेली होती, कपाळ वरच्या पट्टीला चिकटलेलं होतं, आणि माणूस असा दोन्हीकडून अडकलेला असला की शहाणपणाचं उत्तर सुचत नाही, तोंडाशी असेल ते बाहेर पडतं. इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या ब्रॉड स्ट्रीटवरचं चष्म्याचं दुकान, शनिवारची सकाळ, काचेबाहेर बाबागाड्या आणि पिशव्या सांभाळत चाललेली माणसं. ऑप्टिशियन पोरगेलासा, टाय जरा सैल. त्यानं नुकतंच सांगून टाकलं होतं की वाचायला चष्मा लागणार, चाळिशी ओलांडली की लागतोच, घाबरण्यासारखं काही नाही. सध्या पुस्तक लांब धरावं लागतंय, पुढं काही वर्षांत हाताच्या टोकावरचंसुद्धा पुसट व्हायला लागेल. दुपारनंतर पाऊस आहे म्हणून सांगावं तसं त्यानं हे सांगितलं. पण हाताच्या टोकावरचं, हे शब्द सुप्रभाच्या कानात अडकले. "पिस्तूल," ती म्हणाली. "आय शूट. टेन मीटर, एअर पिस्तूल." त्यानं यंत्रामागून डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघितलं. बारीक टिकली, ऑफिसातला काळा कोट, मांडीवर भाजीची पिशवी. "वा," तो म्हणाला, "मग तुम्हाला पुढची साइट स्पष्ट दिसायला हवी. सोपं आहे. तुमच्या रेंजवर कुणाला तरी टेप धरायला सांगा. नेहमी उभ्या राहता तशा उभ्या राहा, डोळ्यापासून साइटपर्यंतचं अंतर मोजा आणि मला आणून द्या. तेवढ्या अंतराची लेन्स करून देतो." तुमच्या रेंजवर, असं म्हणाला तो. आणि सुप्रभानं पिस्तुलाला शेवटचा हात लावून वीस वर्षं होत आली होती.

आता याला खोटं म्हणायचं का? बसस्टॉपवर उभं राहून तिनं स्वतःला हे विचारून पाहिलं, आणि कशाला खोटं बोला, तिला लाज अशी वाटेचना. उलट पाठ ताठ झाली होती. गेली वीस वर्षं ती कुणाकुणाला काय काय सांगत आली होती. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. गिरीशची बायको. कस्तुरीची आई. हे सगळं खरंच होतं, पण यातलं काही सांगताना तिची पाठ कधी अशी ताठ झाली नव्हती. आणि गंमत म्हणजे पिस्तूल सुटलं ते कुणी सोडायला लावलं म्हणून नव्हे. सासरच्यांनी नाकं मुरडली नाहीत, गिरीशनं हात धरला नाही. कोल्हापूरहून पुण्याला एमएस्सीला गेली, मग नोकरी, मग लग्न, मग गिरीशला इथल्या हॉस्पिटलात जागा, मग कस्तुरी, मग कस्तुरीच्या शाळा. अंगावरची शाल घसरत घसरत खाली पडते आणि आपल्याला थंडी वाजल्यावरच कळतं, तसं झालं. दोष द्यायला कुणीच सापडत नाही ही तर खरी पंचाईत होती. बस आली. तिनं उजव्या हातानं दांडी धरली आणि मनगटाकडे बघत राहिली. मनगट अजून आपलं आहे का, एवढंच तिला एकदा बघायचं होतं, आणि डोळे म्हणत होते की काय बघायचं ते लवकर बघ.

ज्यांनी कधी पिस्तूल धरलेलं नाही त्यांना वाटतं, नेम धरणारा माणूस टार्गेटकडे बघतो. छे. टार्गेटकडे बघणारा वाया गेला. नळीच्या टोकाला जो बारीकसा उंचवटा असतो, ती पुढची साइट. बघायचं तिच्याकडे, ती लख्ख दिसली पाहिजे, आणि पलीकडचं काळं वर्तुळ पुसट दिसत असेल तर असू दे. हे तिला लीलावतीबाईंनी शिकवलं होतं, एका तालमीत. तालीम म्हणजे खरीखुरी तालीम, कुस्तीची, लाल मातीची. कोल्हापुरातल्या त्या गल्लीतले पैलवान नव्या जागेत गेले आणि जुनी तालीम रिकामी पडली, तेव्हा शाळेतून निवृत्त झालेल्या लीलावतीबाईंनी ती मुलींसाठी मागून घेतली. वस्ताद मंडळी कुरकुरली. बायका तालमीत? मग एका अटीवर कबूल झाली: पायात काही घालून मातीवर यायचं नाही, आणि आत येताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा. बाई म्हणाल्या, त्यात काय, आम्ही तसंही तेच केलं असतं. तेव्हापासून त्या मुली अनवाणी नेम धरायला शिकल्या. खांद्याच्या आधी, मनगटाच्या आधी पाय. टाच जमिनीत रुतली की वरचं सगळं शरीर निवांत होतं, हे सुप्रभाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, तळव्यांनीच शिकून घेतलं होतं. पुढं ती राज्याच्या टीममध्ये गेली, पुण्यामुंबईच्या गुळगुळीत रेंजवर खेळली, पण तिथंही बूट कडेला काढून ठेवून उभी राहायची, आणि त्या काळी कुणी हरकत घेतली नाही.

आणि बाईंची बसायची तऱ्हा. पदर कमरेला खोचून, गळ्यात शिटी, लोखंडी खुर्ची उलटी लावून त्या टार्गेटकडे पाठ करून बसायच्या. मुलीकडे बघायच्या, टार्गेटकडे नाही. छर्रा सुटला की मुलीनं टार्गेटकडे मान वळवायच्या आधी, मोठ्यानं सांगायचं, कुठं लागला. "आधी बोल, मग बघ." आठ, डावीकडे. नऊ, वर. मग दुर्बीण लावून बसलेली मुलगी खरं काय ते सांगायची. बोलल्यासारखं निघालं तर बाई मान डोलवायच्या. एकदा सुप्रभाचा छर्रा बरोब्बर मधोमध गेला, शर्टाच्या बटणाएवढ्या त्या वर्तुळात, दहा! आणि ती बोलली होती सात, खाली. तिचा चेहरा फुलला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तो तुझा नाही. तो नशिबाचा. परत मार." आणि ज्या दिवशी ती सहा म्हणाली आणि सहाच निघाला, त्या दिवशी बाईंनी पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून दिली होती. "हा तुझा." सहासाठी वडी. घरी सांगितलं तर आई म्हणाली, तुझ्या बाई जरा चक्रमच दिसतात. पण सुप्रभाला तेव्हाच कळलं होतं की आपल्याला काहीतरी मिळालंय जे मार्कांसारखं कुणी वाढवू-घटवू शकत नाही.

रेंज शोधायला तिनं सुरुवात केली ती मात्र नोकरीतल्या सवयीनं. टेस्टर होती ती. चुका काढण्याचाच पगार घ्यायची. इंटरनेटवर शोधलं, क्लबांना फोन लावले. अर्ध्या ठिकाणी एकच उत्तर: "पिस्तूल आम्ही आता नाही ठेवत, लव्ह. बॅन आल्यापासून नाही." काडतुसांचं पिस्तूल या देशात काही वर्षांपूर्वी बंद झालं होतं, राहिली होती ती हवेची पिस्तुलं, आणि त्यांच्यासाठी दहा मीटरची बंद खोली राखून ठेवणारे थोडे हट्टी लोक. रविवारी गिरीश तिला गाडीनं घेऊन जायचा. गिरीश भूलतज्ज्ञ, आठवडाभर लोकांना झोपवून उठवायचा आणि रविवारी स्वतः झोपायचा हक्क मागायचा, तरी न कुरकुरता यायचा. पहिली रेंज एका स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये होती, मधे पडदा आणि पलीकडे बॅडमिंटन. पलीकडच्या कोर्टवर कुणी उडी मारली की इकडच्या लाकडी जमिनीला हुडहुडी भरायची. दुसरी एका चर्चच्या तळघरात, निळं कार्पेट, ट्यूब मिणमिणती, आणि वरच्या हॉलमध्ये रांगेत नाचणाऱ्या आज्या, एकाच वेळी टाच आपटणाऱ्या. "काय म्हणतं स्थळ?" गाडीत बसल्यावर गिरीशनं विचारलं. "अंधारं आहे," ती म्हणाली. "आणि घरात माणसं फार." तो हसला. "मॅडम, पत्रिका तरी जुळते का बघा. नाहीतर पोरगी घरातच राहायची." हे त्याला फार आवडलं आणि पुढं प्रत्येक रविवारी त्यानं तेच चालवलं. कस्तुरी, सतरा वर्षांची, मागच्या सीटवरून म्हणायची, "आई, तुझा पिस्तूल कधी येणार? मी फ्रेंड्सना सांगितली आहे." तिच्या मराठीत सगळी लिंगं एकमेकांच्या घरी राहायला गेलेली असत, पण आवाजात अभिमान होता आणि तो सुप्रभाला नीट ऐकू आला.

तिसरी रेंज न्यूबरीच्या बाजूला, नवीकोरी. पांढऱ्या भिंती, एकसारखा उजेड, टार्गेट बटणावर पुढंमागं जाणारं, बाहेर कॉफी. गिरीशनं आत पाऊल टाकताच डोळे मिचकावले: मुलगा शिकलेला, घर स्वतःचं. सुप्रभालाही नाव ठेवायला जागा सापडेना. क्लबचं पिस्तूल हातात घेण्याआधी ती रेषेपाशी वाकली, बूट काढले, मोजे काढले, नीट जोडीनं भिंतीशी ठेवले आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावला. हे तिनं केलं असं नव्हे, तिच्या हातापायांनी परस्पर करून टाकलं. सरळ उभी राहिली तर तिथला माणूस धावत आला होता. "मॅडम, आर यू ऑल राइट? बसता का? पाणी आणू?" त्याला वाटलं होतं, बाईंना चक्कर आली. मग त्याचं लक्ष तिच्या उघड्या पावलांकडे गेलं, पायातल्या जोडव्यांकडे गेलं, आणि तो अतिशय सभ्यपणे, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला की इथं असं चालत नाही, आणि तुम्हाला आवडेल असं वाटलं तर आमच्याकडे नवशिक्यांसाठी मजेचा एक सेशन असतो, फुगे फोडायचा. फुगे. सुप्रभानं मोजे घातले, बूट घातले, लेस सावकाश बांधली आणि थँक यू म्हणून बाहेर आली. राग त्याच्यावर नव्हता. त्या बिचाऱ्याला काय माहीत. राग याचा होता की ज्या दोन गोष्टी तिनं आयुष्यात सगळ्यात नीट शिकल्या होत्या, उभं राहणं आणि नमस्कार करणं, त्यांना त्यानं चक्कर म्हणावं. गिरीशनं त्या दिवशी स्थळाचा विनोद केला नाही.

चौथी जागा तिनं एकटीनं शोधली. गावातल्या एका जुन्या बिस्किट कंपनीच्या कामगारांचा क्लब; कंपनी कधीच गेली होती, क्लब राहिला होता, आणि क्लबच्या मागं पत्र्याच्या छपराची एक लांबोडकी खोली. खाली साधं सिमेंट, वर्षानुवर्षं माणसं उभी राहून एका जागी किंचित गुळगुळीत झालेलं. तिथली रेंज ऑफिसर मॉरीन, साठीच्या पुढची, पांढरे केस मुलासारखे कापलेले, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि आवाज कंडक्टरचा. सुप्रभानं बूट काढायला घेतले तेव्हा ती धावतपळत आली नाही. जागेवरूनच म्हणाली, "बूट असू देत, लव्ह. खाली शिसं आहे. छऱ्यांची धूळ. पायाला लागतं, पायाबरोबर घरी जातं. आणि इथून निघताना हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, तुम्ही लोक हातानं जेवता ना, तू तर दोनदा धू." सुप्रभा वाकलेली तशीच राहिली. यात हेटाळणी नव्हती, कारण होतं, आणि कारणापुढं ती नेहमीच नमायची. मग मॉरीननं विचारलं, "पण काढत का होतीस?" आणि सुप्रभानं तिला तालमीबद्दल सांगितलं, लाल माती, अनवाणी मुली, उलट्या खुर्चीवरच्या बाई. मॉरीननं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझं एक पिस्तूल होतं, बावीस बोअरचं. बॅन आला तेव्हा पोलीस स्टेशनात जाऊन काउंटरवर ठेवून आले. त्या पोऱ्यानं प्लास्टिकच्या पिशवीत टाकून लेबल लावलं. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि मला गाडी सुरू करायला जमेना." एवढं बोलून तिनं कपाटातून क्लबचं पिस्तूल काढून सुप्रभाच्या हातात दिलं, लाकडी मुठीचं. मूठ तळव्यात बसली आणि सुप्रभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिनं लपवलं नाही.

नेम मात्र पार गेला. ऑफिसच्या बुटांची टाच तिला पुढं ढकलत होती, पायाखाली जमीन आहे की नाही हेच कळत नव्हतं, आणि छर्रे वाटेल तिथं जात होते. जात होते तर जाऊ देत, वीस वर्षांनी दुसरं काय होणार. पण ती मनातल्या मनात बोलत होती, नऊ उजवीकडे, आणि टार्गेट जवळ आलं की भोक डावीकडे पाच. वर म्हणाली तर खाली. एकही बोललेला खरा निघाला नाही. हे तिला लागलं. हात विसरला असता तर परत शिकवता आला असता. हाताला आपण काय केलं हेच माहीत नाही म्हणजे आत कुणी घरात नाही. मॉरीननं सांगितलं की क्लबची टीम पोस्टल लीगमध्ये खेळते: प्रत्येक क्लबनं आपापल्या रेंजवर, आपल्या माणसासमोर कार्ड, म्हणजे टार्गेटचा पुठ्ठा, मारायचं आणि पोस्टानं पाठवून द्यायचं, समोरचा कधी दिसतच नाही. टीममध्ये एक जागा रिकामी होती. "सीझन सुरू व्हायच्या आधी माझ्यासमोर एक कार्ड मार. बरं आलं तर जागा तुझी." मग सुप्रभाच्या लेन्सचं ऐकून तिनं ड्रॉवरमधून फर्निचरच्या दुकानातली कागदी टेप काढली. "चल, आत्ताच मोजून टाकू." "आत्ता नको," सुप्रभा म्हणाली. "अजून ही माझी रेंज नाही. तुमच्या रेंजवर मोजा, असं म्हणालाय तो." मॉरीननं भुवया वर केल्या आणि टेप परत ड्रॉवरमध्ये टाकली.

दर मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ती जायला लागली, आणि दर मंगळवारी तेच. घरी येऊन हात धुवायची, दोनदा, आणि जेवताना बोलायची: हीटर बंद केला की सिमेंट गार पडतं, उजेड डावीकडून जास्त आहे, छपरावर पावसाचा आवाज होतो. एकदा गिरीश पोळीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणाला, "नाचता येईना..." आणि तिच्याकडे बघून थांबला. पुढचं अंगण त्यानं गिळलं. सुप्रभानं त्याला आमटी वाढली. तिला राग आला नाही म्हणणं खोटं होईल, चांगला आला, पण तो त्याच्यावर फार वेळ टिकेना, कारण त्याचं म्हणणं निम्मं खरं होतं. निम्मंच. अंगण वाकडं नव्हतं, मान्य. पण तिला नाचता येत नव्हतं हेही खरं नव्हतं. नाच आणि अंगण यांच्यामध्ये काहीतरी आलं होतं, दोन बोटं जाडीचं. बूट. ती पानावरून उठली, जिन्याखालच्या कपाटात घुसली आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मागं, जुन्या रेनकोटखाली, तिला हवं ते सापडलं: कस्तुरीचे शाळेतल्या खेळाच्या तासाचे प्लिमसोल बूट, काळे, कापडी, पापडाएवढ्या पातळ तळव्याचे. आत तिनंच शिवलेली नावाची पट्टी. कस्तुरीचा पाय केव्हाच आईएवढा झाला होता. ते घालून ती स्वयंपाकघराच्या लाद्यांवर उभी राहिली, डोळे मिटले आणि उजवा हात सरळ समोर धरला. लादीचा सांधा तळव्याला कळत होता. टाच खाली गेली. "आई, तू माझी शूज का घातला?" कस्तुरी दारात उभी होती. "माझे झाले आता," सुप्रभा म्हणाली. गिरीश ताटावरून बघत होता, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला तिच्याकडे असं टक लावून बघताना बघून तिला बरं वाटलं, आणि मग मजाही वाटली.

कार्डाच्या दिवशी पत्र्यावर पाऊस पडत होता आणि तो तिला ऐकू येत नव्हता. दारात वाकून तिनं दोन बोटं सिमेंटला लावली आणि कपाळाजवळ नेली, पण टेकवली नाहीत, शिसं. मॉरीननं ते बघितलं. मॉरीन दुर्बिणीशी बसली. पहिला छर्रा सुटला आणि सुप्रभाच्या तोंडून अर्धवट आवाजात निघालं, "नऊ, उजवीकडे." "काय म्हणतेस?" मॉरीननं विचारलं. सुप्रभानं सांगितलं, काय बोलली ते आणि बाईंची पद्धत, बघायच्या आधी बोलायचं. मॉरीननं खुर्ची दुर्बिणीजवळ ओढली. "मग मला कळेल असं इंग्रजीत बोल. मी सांगते काय आहे ते. टार्गेट जवळ नाही आणायचं, दुर्बिणीला हात नाही लावायचा. शेवटपर्यंत. आणि हा नऊच आहे, उजवीकडचा." मग ते दोघींचं सुरू झालं. सुप्रभा बोलायची, मॉरीन बघून हो म्हणायची. टेन. हो. एट, हाय. हो. एकदा मॉरीन नाही म्हणाली, नाइन म्हणालीस, दहा आहे. आणि सुप्रभा म्हणाली, "तो माझा नाही," तेव्हा मॉरीन मोठ्यानं हसली. हात जड झाला, खांदा भरून आला, पण पाय खाली होते, सिमेंटमध्ये होते, सिमेंटच्या खालीही कुठं तरी माती असणारच तिथपर्यंत गेलेले होते. कोल्हापुरातली तालीम पाडून तिथं आता दवाखाना झाला होता आणि बाई जाऊनही बरीच वर्षं झाली होती, आणि तरी सुप्रभाला पाठीत तीच जुनी जाणीव होत होती, कुणीतरी टार्गेटकडे पाठ करून आपल्याकडे बघत बसलंय. तिनं हनुवटी थोडी वर केली. बघा, बाई.

शेवटच्या छऱ्याला डोळा थकला. तिनं हात उचलला आणि पुढची साइट लख्ख दिसायची ती दिसेना. कडा विरघळल्यासारखी झाली, पाण्यातून बघावं तशी. हात खाली घेतला, पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा उचलला. तेच. म्हणजे हे ते, ऑप्टिशियननं सांगितलेलं, थकलेल्या डोळ्याला आधीच गाठायला आलेलं. भीती वाटली, साधी सरळ भीती. थांबता आलं असतं. वेळ होता, मॉरीननं दहा मिनिटं बसू दिलं असतं. पण तिला वाटलं, आज बसून घालवलं तरी हे परत येणार, मग आत्ताच बघून घ्यावं की हे आल्यावर आपल्याजवळ काय राहतं. तिनं विरघळलेल्या त्या टोकाकडे बघितलं, बोट हळूच मागं घेतलं, आणि छर्रा सुटताक्षणी मनगटानं सांगितलं, टाचेनं सांगितलं, घाई केलीस. "एट," ती म्हणाली. "लेफ्ट. जरा खाली." मॉरीननं दुर्बिणीला डोळा लावला. लावून राहिली. मग चष्मा काढला, दोरीवर सोडून दिला आणि विचारलं, "तुला साइट दिसत होती का?" सुप्रभानं मान हलवली. नव्हती दिसत. "आठ आहे," मॉरीन म्हणाली. "डावीकडे. जरा खाली."

तो आठ होता, दहा नव्हे, आणि सुप्रभाला आयुष्यात कुठल्या दहाचा इतका अभिमान वाटला नव्हता. तो तिचा होता. डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, चष्मा लागू दे, लेन्स लागू दे, एक दिवस तीही पुरेनाशी होऊ दे; आत घरात कुणीतरी होतं, आणि वीस वर्षं दार न वाजवताही ते जागं राहिलं होतं. ती पिस्तूल टेबलावर ठेवून उभी राहिली आणि मनसोक्त खूश झाली, नम्र वगैरे होण्याच्या भानगडीत न पडता. मॉरीननं कार्डावर सही केली आणि टीमच्या कागदावर तिचं नाव लिहायला घेतलं. स्पेलिंग विचारलं आणि सुप्रभानं एकेक अक्षर सावकाश, आवाज न चोरता सांगितलं. मग तिनंच ड्रॉवर उघडून कागदी टेप काढली. "आता मोज." ती रेषेवर उभी राहिली, प्लिमसोल जमिनीत, हात समोर. मॉरीननं टेपचं एक टोक तिच्या डोळ्याच्या कडेशी धरलं, दुसरं साइटपाशी नेलं, आणि आकडाबिकडा लिहायच्या फंदात न पडता बरोब्बर तिथंच टेप टरकन फाडली. "हे घे. हा तुझा हात." घरी जाताना सुप्रभानं दोनदा हात धुतले आणि गिरीशला फोन करून सांगितलं, "स्थळ पसंत आहे."

शनिवारी ब्रॉड स्ट्रीटवर तीच गर्दी होती. ऑप्टिशियन काउंटरच्या मागं कुणाच्या तरी फ्रेमचे स्क्रू पिळत उभा होता. सुप्रभानं पिशवीतून टेपचा तुकडा काढून त्याच्यासमोर सरळ करून ठेवला. त्यानं तुकड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. दिवसाला किती माणसं येतात त्याच्याकडे, तो तिला साफ विसरला होता. "पडद्यांचं माप आहे का हे?" त्यानं हसत विचारलं. "शिवणकाम करता तुम्ही?"

"पिस्तूल," सुप्रभा म्हणाली, आणि या खेपेला तिची हनुवटी कशातच अडकलेली नव्हती.